एडिंबरा ते दिल्ली: रॉबर्ट वील यांची कारकीर्द समजून घेताना

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा भरल्या, तेव्हा आपल्याकडील बहुतेकांचे लक्ष नेमबाजी, कुस्ती, बॅडमिंटन आणि हॉकी या खेळांकडे होते. त्याच दिवसांत जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारात तयार केलेल्या हिरवळीवर वेल्सच्या रॉबर्ट वील यांनी लॉन बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवून तो एका लहान चेंडूच्या जवळ नेण्याच्या खेळाच्या, पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या लीफ सेल्बी यांना हरवले आणि सुवर्णपदक मिळवले. त्या वेळी ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. राष्ट्रकुल स्पर्धांतील त्यांचे पहिले सुवर्ण १९८६ मध्ये एडिंबरा येथे, चौघांच्या संघातून आले होते. म्हणजे दोन सुवर्णपदकांमध्ये चोवीस वर्षे गेली होती. वेल्सला दिल्लीत दोनच सुवर्णपदके मिळाली. दुसरे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत डाय ग्रीन यांनी जिंकले, आणि ग्रीन यांचा जन्म १९८६ चा, म्हणजे वील पहिल्यांदा विजेते झाले त्याच वर्षीचा आहे.

एडिंबराच्या त्या स्पर्धेशी भारताचाही संबंध आहे, मात्र तो अनुपस्थितीचा. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेशी ब्रिटनमधील थॅचर सरकारने क्रीडासंबंध पुरते तोडावेत या मागणीसाठी आशिया, आफ्रिका आणि कॅरिबियनमधील तीसहून अधिक देशांनी १९८६ च्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता आणि त्यांत भारत होता. ज्या स्पर्धेत भारत नव्हता तेथे वील यांचे पहिले सुवर्ण, आणि भारताने भरवलेल्या स्पर्धेत दुसरे, असा हा योग आहे. दिल्लीत यजमान म्हणून भारताचा संघ या स्पर्धांमध्ये प्रथमच लॉन बोल्स खेळला, म्हणजे आपली सुरुवात आणि वील यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीचे शिखर एकाच मैदानावर झाले.

एखादा खेळाडू चोवीस वर्षांच्या अंतराने पुन्हा अव्वल ठरतो हे ऐकल्यावर एक उत्तर पटकन दिले जाते: हा निवृत्तांचा खेळ, यात वयाचे काय! हे उत्तर मला अपुरे आणि काहीसे अन्यायकारक वाटते. दिल्लीत याच खेळाच्या महिला एकेरीचे सुवर्ण इंग्लंडच्या नॅटली मेलमोर या अवघ्या विशीतील खेळाडूने जिंकले होते. खेळ फक्त वृद्धांचा असता, तर असे घडले नसते. वय येथे अडथळा ठरत नाही हे खरे. पण अडथळा न ठरणे वेगळे आणि वाढत्या वयात जगातील सर्वोत्तम खेळाडूंना हरवणे वेगळे. वील यांना हे कसे साधले, हे समजायचे असेल, तर प्रथम हा खेळ नीट समजून घ्यावा लागतो.

वेल्स आणि राष्ट्रकुल

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागातील साधारण तीस लाख वस्तीचा देश. वील यांचे नाव ज्या प्रेस्टीन गावाशी जोडले जाते, ते पॉविस परगण्यात, इंग्लंडच्या अगदी सीमेवर वसलेले छोटे गाव आहे. त्यांचे भाऊही वेल्समधील नावाजलेले बोल्स खेळाडू. अशा गावांत बोल्सचा क्लब हा शाळा, चर्च आणि दुकान यांच्याइतकाच गावाचा भाग असतो, आणि तेथे मुलगा आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या वयाच्या माणसांबरोबर व त्यांच्याविरुद्ध खेळतच शिकतो. वयाप्रमाणे वेगळे गट पाडून खेळण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते, कारण येथे तरुण खेळाडूसमोर पहिल्या दिवसापासून अनुभवी प्रतिस्पर्धी उभा असतो.

वेल्सच्या बोल्स खेळाडूसाठी राष्ट्रकुल स्पर्धा इतकी मोठी का, याचे कारण साधे आहे. लॉन बोल्स हा ऑलिंपिकमधील खेळ नाही, आणि ऑलिंपिकमध्ये वेल्स स्वतंत्रपणे उतरतही नाही. तेथे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे खेळाडू ग्रेट ब्रिटनच्या एकाच संघात असतात. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र वेल्सचा स्वतःचा ध्वज आणि स्वतःचा संघ असतो. शिवाय १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हापासून १९६६ ची किंग्स्टन येथील स्पर्धा वगळता प्रत्येक वेळी लॉन बोल्स खेळला गेला आहे. याखेरीज इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांच्यातील आंतरराष्ट्रीय सामन्यांची परंपरा १९०३ पासूनची आहे, आणि या खेळाचे पहिले आंतरराष्ट्रीय मंडळ १९०५ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथेच स्थापन झाले. त्यामुळे वेल्सकडून निवड होणे हा तेथे मोठा मान समजला जातो, आणि तो मिळवण्यासाठी क्लब, परगणा, राष्ट्रीय अजिंक्यपद अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

एक एंड, जवळून पाहिलेला

लॉन बोल्सची हिरवळ चौकोनी आणि शक्य तितकी सपाट असते. तिची बाजू ३१ ते ४० मीटर लांब असते आणि चारही कडांना उथळ चर असतो. हिरवळीचे दोरीने किंवा खुणांनी समांतर पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यावर एक स्वतंत्र सामना चालतो. खेळाडू एका टोकाजवळ अंथरलेल्या छोट्या मॅटवर उभा राहतो आणि जॅक नावाचा, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर व्यासाचा लहान पांढरा किंवा पिवळा चेंडू पट्ट्यावर पुढे सोडतो. जॅक मॅटपासून किमान २३ मीटर दूर जाऊन थांबला पाहिजे. तो थांबला की त्याला पट्ट्याच्या मध्यरेषेवर आणून ठेवतात, आणि मग खरा खेळ सुरू होतो: दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मोठे चेंडू सोडायचे आणि आपला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूपेक्षा जॅकच्या जवळ नेऊन थांबवायचा.

सगळे चेंडू टाकून झाले की एक एंड पूर्ण होतो. ज्याचा चेंडू जॅकला सर्वांत जवळ, तो त्या एंडचा विजेता. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जॅकच्या जवळ, तितके गुण. हरणाऱ्याला त्या एंडमध्ये काहीही मिळत नाही. दोन चेंडूंमधील फरक डोळ्यांनी कळेनासा झाला, तर मोजपट्टी काढतात, आणि कित्येकदा काही मिलिमीटरांवर एंडचा निर्णय होतो. त्यानंतर खेळाडू तेथूनच उलट दिशेने पुढचा एंड खेळतात.

नियम एवढेच असते, तर खेळ फक्त नेमबाजीसारखा राहिला असता. त्यात गुंतागुंत येते ती जॅक हलू शकतो म्हणून. एखादा चेंडू जॅकला धडकला आणि जॅक दीड मीटर मागे सरकला, की आतापर्यंत जवळ असलेले चेंडू दूर होतात आणि निरुपयोगी वाटणारे मागचे चेंडू अचानक मोलाचे ठरतात. म्हणून जाणता खेळाडू एखादा चेंडू मुद्दाम जॅकच्या मागे नेऊन ठेवतो. त्या क्षणी त्याचा गुण होत नाही, प्रेक्षकाला तो चुकलेला वाटतो, पण पुढे जॅक ढकलला गेल्यास तोच चेंडू एंड वाचवतो. जॅकला स्पर्श केलेल्या चेंडूवर खडूची खूण करतात, आणि असा चेंडू नंतर चरात गेला तरी तो खेळात राहतो. स्पर्श न करता चरात गेलेला चेंडू मात्र बाद होतो. एंड जिंकणाऱ्याला पुढच्या एंडला मॅट कोठे ठेवायची आणि जॅक किती लांब सोडायचा हे ठरवता येते. त्याच्या बदल्यात शेवटचा चेंडू टाकण्याची संधी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. अंतर बदलून समोरच्याची लय मोडणे हे या खेळातील एक मोठे हत्यार आहे, आणि हात कितीही चांगला असला तरी ते वापरायला खेळाची समज लागते.

चेंडू वळतो कसा, आणि हिरवळीचा वेग म्हणजे काय

बोल्सचा चेंडू पूर्ण गोल नसतो. त्याचा व्यास साधारण ११ ते १३ सेंटिमीटर आणि वजन दीड किलोच्या आसपास असते. त्याच्या दोन बाजूंचा आकार किंचित वेगळा घडवलेला असतो, त्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य नेमका मध्यावर नसतो. जुन्या काळी एका बाजूला शिसे भरून हा परिणाम साधत असत. आता तो केवळ आकारातून साधतात. चेंडू घरंगळू लागला की तो हळूहळू एका बाजूला कलतो आणि त्याची वाट वाकते. जमिनीवर उभे घरंगळत सोडलेले नाणे वेगात असताना सरळ जाते आणि वेग मंदावला की कलून वळसा घेते, तसेच येथे घडते. म्हणून चेंडूची वाट सुरुवातीला जवळजवळ सरळ असते, मध्यावर वाकू लागते आणि शेवटच्या काही मीटरांत सर्वांत जास्त वळते.

याचा अर्थ असा की जॅकवर थेट नेम धरून चेंडू सोडला, तर तो जॅककडे कधीच पोहोचणार नाही. खेळाडूला जॅकच्या बाजूला बऱ्याच अंतरावरील एक काल्पनिक बिंदू निवडून त्या रेषेवर चेंडू सोडावा लागतो आणि तो वळून जॅकपाशी येईल असा जोर द्यावा लागतो. दिशा बरोबर आणि जोर जास्त, तर चेंडू वळण पूर्ण होण्याआधीच जॅक ओलांडून जातो. जोर कमी पडला, तर अलीकडेच वळून थांबतो. दिशा आणि जोर या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की एक सुधारायला जावे तर दुसरी बिघडते. चेंडू उजवीकडून किंवा डावीकडून, दोन्ही बाजूंनी आणता येतो, आणि वाटेत दुसरे चेंडू आडवे असतील, तर बाजू बदलावी लागते. हातात धरताना चेंडूची बाजू उलटी झाली, तर तो जॅककडे वळण्याऐवजी शेजारच्या पट्ट्यात निघून जातो. चेंडूच्या दोन्ही बाजूंवर लहान-मोठ्या खुणा कोरलेल्या असतात त्या याचसाठी.

आता हिरवळीकडे पाहू. माझ्या मते हा खेळ समजण्याची खरी किल्ली येथे आहे. बोल्समध्ये हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात: चेंडू सोडल्यापासून तो साधारण २७ मीटरवर जाऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागले, हा तो आकडा. ब्रिटनमधील दमट हवेतील, जाडसर गवताच्या हिरवळीवर हा काळ साधारणपणे १० ते १२ सेकंद भरतो, तर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील कोरड्या, घट्ट पृष्ठभागांवर तो १५ सेकंद किंवा त्याहूनही जास्त असतो. गंमत अशी की जास्त सेकंद लागणारी हिरवळ वेगवान मानली जाते. प्रथम हे उलटे वाटते, पण कारण स्पष्ट आहे. मंद हिरवळीवर गवत चेंडूला अडवते, म्हणून तेवढेच अंतर गाठण्यासाठी चेंडू जोरात सोडावा लागतो आणि तो लवकर पोहोचून थांबतो. वेगवान हिरवळीवर अडथळा कमी, म्हणून चेंडू हळुवार सोडावा लागतो आणि तो बराच वेळ घरंगळत राहतो.

आकड्यांत सांगायचे, तर ११ सेकंदांच्या हिरवळीवर चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर असतो आणि १६ सेकंदांच्या हिरवळीवर तो सुमारे १.७ मीटरवर येतो. हळू आणि जास्त वेळ चालणाऱ्या चेंडूला वळायला अधिक अवधी मिळतो, त्यामुळे त्याची वाट कितीतरी अधिक वाकते. परिणामी एकाच खेळाडूला, त्याच चेंडूने, वेल्समध्ये जॅकच्या थोड्याच बाजूचा बिंदू धरावा लागतो आणि दक्षिण गोलार्धात त्याहून बराच दूरचा. वर्षानुवर्षे हाताला आणि खांद्याला पडलेली सवय अशा ठिकाणी उपयोगी पडण्याऐवजी आड येते. त्यातच ऊन वाढले की दुपारी हिरवळ सकाळपेक्षा वेगळी वागते, पाऊस पडला की ती जड होते, वारा आडवा असला की वळण बदलते, आणि एकाच पट्ट्याच्या दोन बाजूही सारख्या नसतात. पहिल्या दोन-तीन एंडांत हे सारे वाचणे आणि पुढे सामन्यात होणारे बदल ओळखत राहणे, हे या खेळातील बुद्धीचे काम. ते जितक्या देशांत, जितक्या हवामानांत केले असेल तितके पक्के होते. एडिंबराच्या उन्हाळ्यात कमावलेले कौशल्य दिल्लीच्या ऑक्टोबरमध्ये जसेच्या तसे वापरता येत नाही. मधल्या वर्षांत ते अनेकदा मोडून पुन्हा घडवावे लागते.

चौघांकडून एकट्याकडे

वील यांची पदके प्रकारानुसार मांडली, तर त्यांच्या कारकिर्दीची दिशा स्पष्ट दिसते. १९८६ चे सुवर्ण चौघांच्या संघातील होते. विल थॉमस, हाफोड थॉमस आणि जिम मॉर्गन हे त्यांचे सहकारी होते. नव्वदच्या दशकात त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धांत दुहेरीचे रौप्य मिळवले. २००६ मध्ये मेलबर्न येथे एकेरीत रौप्य आले, आणि २०१० मध्ये दिल्लीत एकेरीचे सुवर्ण. चार, दोन, एक, असे सोबती कमी होत गेले.

चौघांच्या संघात प्रत्येकाकडे एका एंडला दोनच चेंडू असतात. पहिला खेळाडू लीड. त्याचे काम जॅक ठरलेल्या अंतरावर सोडणे आणि आपले दोन्ही चेंडू जॅकच्या जवळ नेणे. दुसरा ती मांडणी बळकट करतो किंवा लीडची चूक भरून काढतो. तिसरा सल्लागार असतो आणि गुण मोजण्यात त्याचा शब्द चालतो. चौथा स्किप, म्हणजे कर्णधार. तो इतर तिघे खेळत असताना पलीकडच्या टोकाला जॅकजवळ उभा राहून कोणता फटका खेळायचा ते सांगतो आणि शेवटी स्वतःचे दोन चेंडू टाकतो. येथे यश मिळवायचे, तर आपली नेमकी भूमिका ओळखून तेवढीच चोख पार पाडणे आणि दुसऱ्याच्या निर्णयावर विश्वास ठेवणे आवश्यक असते. तेविसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा शिकण्याची यापेक्षा चांगली शाळा सापडणार नाही, असे मला वाटते.

दुहेरीत लीड आणि स्किप हे दोघेच उरतात, प्रत्येकाकडे चेंडू अधिक आणि चुकीला आधार कमी. एकेरीत तर सगळे काम एकट्याचे. प्रत्येक एंडला चार चेंडू, आणि लीडचा नेम, तिसऱ्याचा हिशेब व स्किपची दूरदृष्टी या सगळ्यांची भूमिका एकाच माणसाने बजावायची. पलीकडून मार्गदर्शन करणारा सहकारी नसतो; तेथे केवळ एक तटस्थ माणूस उभा असतो, जो विचारल्यावर कोणता चेंडू किती दूर आहे एवढेच सांगतो. चारही चेंडू जॅकजवळ नेण्याच्या मोहाला बळी पडणारा खेळाडू एखाद्या एंडला चार गुण घेतो आणि दुसऱ्या एंडला जॅक सरकल्यावर तेवढेच गमावतो. एकेरीत टिकून राहणारा खेळाडू प्रत्येक चेंडूपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आता जोखीम घेतली आणि ती फसली, तर माझे किती नुकसान होईल? हा हिशेब वयाबरोबर सुधारतो. वील यांचे एकेरीतील राष्ट्रकुल सुवर्ण चाळिशीनंतर आले, यात मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

गालिच्यावरचा विजेता

ब्रिटनमध्ये उघड्यावरील हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर एवढाच असतो. उरलेले महिने खेळ छपराखाली, गालिच्यावर चालतो. तेथे पाऊस नाही, वारा नाही, गवताची लहर नाही. पृष्ठभाग एकसारखा आणि बाहेरच्या ब्रिटिश हिरवळीपेक्षा वेगवान असतो. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील कोटब्रिज येथे सुरू झाली, आणि पहिले विजेते इंग्लंडचे डेव्हिड ब्रायंट होते, ज्यांनी राष्ट्रकुल स्पर्धांत एकेरीची चार सुवर्णपदके जिंकली आहेत. या स्पर्धेत वेल्सची कामगिरी लोकसंख्येच्या मानाने फारच मोठी आहे: १९८५ मध्ये टेरी सलिव्हन, १९९० मध्ये जॉन प्राइस. पुढे २००० मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हॉप्टन येथे झालेल्या स्पर्धेत रॉबर्ट वील यांनी अंतिम सामन्यात याच जॉन प्राइस यांना हरवले. एका छोट्या देशाचे दोन खेळाडू जगाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर येतात, याचा त्या देशात किती आनंद झाला असेल याची कल्पना करता येते.

गालिच्यावरील खेळात पृष्ठभागाची सबब उरत नाही. चेंडू चुकला, तर तो खेळाडूचाच चुकलेला असतो, म्हणून हिवाळ्यातील हा सराव हाताची अचूकता वाढवतो. उलट उन्हाळ्यातील हिरवळ परिस्थिती वाचायला शिकवते. दोन्हींत अव्वल दर्जा गाठणारे खेळाडू थोडे आहेत, आणि वील त्यांच्यापैकी एक. इतकी वर्षे ते टिकले याचे एक कारण मला या दुहेरी तालमीत दिसते.

गुण मोजण्याच्या पद्धतीतही त्यांच्या काळात मोठा बदल झाला. जुनी एकेरी २१ गुणांची असे: जो आधी २१ गाठेल तो विजयी. सामना लांबला, तर तासन्‌तास चालत असे आणि पिछाडीवर पडलेल्याला हळूहळू वर यायला वेळ मिळत असे. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी आणि सामना रंगतदार व्हावा म्हणून पुढे सेटची पद्धत रूढ झाली. दोन सेट, आणि बरोबरी झाल्यास तीन एंडांचा टायब्रेकर, ज्यात एंड किती गुणांनी जिंकला याला महत्त्व राहत नाही, तो जिंकला एवढेच मोजतात. संयमाने चढत जाणाऱ्या खेळाडूला ही पद्धत कठीण जाते, कारण एका सेटमधील मोठी आघाडी पुढच्या सेटमध्ये शून्य होते. ज्याने वीस वर्षे एका पद्धतीने विचार केला, त्याला उतारवयात आपले सगळे ठोकताळे बदलावे लागतात. अनेक चांगले खेळाडू येथे अडखळले. वील यांनी मात्र हा बदल आत्मसात केला.

उपजीविकेबद्दलही सांगायला हवे. लॉन बोल्समध्ये बक्षिसाच्या रकमा आहेत, पण त्यांवर संसार चालेल अशी स्थिती मोजक्यांचीच. बहुतेक आंतरराष्ट्रीय खेळाडू नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी खेळतात आणि मोठ्या स्पर्धांसाठी रजा काढतात. अडीच दशके वेल्सच्या संघात राहायचे, म्हणजे इतकी वर्षे घर, काम आणि खेळ यांची सांगड घालायची, आणि दर मोसमात नव्या पिढीशी स्पर्धा करून आपली जागा पुन्हा मिळवायची. मागील पदकाच्या जोरावर पुढील निवड होत नाही.

वेल्सचे पुढचे यश, भारताचे यश

वील यांच्यानंतर वेल्सच्या पुरुषांनी दुहेरीत सलग दोन राष्ट्रकुल सुवर्णपदके जिंकली. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे डॅनियल सॅल्मन आणि मार्क वायट यांनी स्कॉटलंडच्या ॲलेक्स मार्शल आणि पॉल फॉस्टर या अत्यंत यशस्वी जोडीला अंतिम सामन्यात हरवले. २०२२ मध्ये सॅल्मन यांच्या जोडीला जॅरड ब्रीन होते आणि अंतिम सामना इंग्लंडविरुद्ध होता.

ती २०२२ ची स्पर्धा बर्मिंगहॅमची. लॉन बोल्सचे सामने जवळच्या लेमिंग्टन स्पा गावातील व्हिक्टोरिया पार्कमध्ये झाले. भारतीय वाचकांना हा खेळ माहीत झाला तो याच वेळी. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की या चौघींनी उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला १६-१३ आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून लॉन बोल्समधील भारताचे पहिले राष्ट्रकुल पदक मिळवले, तेही थेट सुवर्ण. पुरुषांच्या चौघांच्या संघाने रौप्य मिळवले. भारतीय महिलांचे ते सामने ज्यांनी पाहिले, त्यांना रूपाराणी तिर्की जॅकजवळ उभ्या राहून सहकाऱ्यांना दिशा सांगताना आठवत असतील. स्किप याच जागेवरून संघ चालवतो, आणि १९८६ मध्ये वेल्सनेही सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात.

बर्मिंगहॅमनंतर या खेळापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेसाठी आयोजकांनी बोल्स हा खेळ ठेवला, मात्र तो हिरवळीऐवजी छपराखाली, गालिच्यावर घेण्याचे ठरवले. या स्पर्धांच्या इतिहासात असे प्रथमच होत आहे. वर पाहिलेले सारे येथे लागू होते: वेग बदलतो, वळण बदलते, वारा आणि ऊन हे घटक गळून पडतात आणि हिवाळाभर गालिच्यावर खेळणाऱ्या ब्रिटिश खेळाडूंना त्याचा फायदा होतो. वेल्समध्ये वील यांच्या पिढीपासून दोन्ही पृष्ठभागांवर खेळण्याची रीत आहे. भारतात हा खेळ मुख्यतः झारखंड, आसाम, दिल्ली आणि पश्चिम बंगाल या भागांत रुजला आहे आणि तो उघड्या हिरवळीवर खेळला जातो. आपल्या खेळाडूंना बर्मिंगहॅमचे यश टिकवायचे असेल, तर केवळ अधिक सराव पुरणार नाही. योग्य गालिचा उपलब्ध करून देणे, त्यावर हळुवार चेंडू सोडण्याची सवय लावणे, आणि त्या पृष्ठभागाला साजेसे कमी वळणारे चेंडू निवडणे, ही तयारी संघटनेला स्पर्धेच्या बऱ्याच आधी करावी लागते.